साडेतीन लाखांची पद्मिनी आणि 2016 साली संपलेलं आरसी बुक

कराडहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. घरचं कापडाचं दुकान, वय सेहेचाळीस. वडिलांकडे पूर्वी प्रीमियर पद्मिनी होती, ती 1998 साली विकली. आता कोल्हापुरात एक 1986 ची पद्मिनी विकायला निघाली आहे. मूळ मालक प्राध्यापक होते, ते वारले, मुलगा विकतो आहे. नंबर जुन्या तीन अक्षरी सीरिजचा. रंग नुकताच नवा मारला आहे, इंजिन 'बोअर करून घेतलंय' (म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठ्या मापाचे पिस्टन बसवलेत) असं मुलगा सांगतो. नोंदणीची मुदत 2016 साली संपली, तेव्हापासून गाडी बहुतेक उभीच आहे. मागणी साडेतीन लाख. मुलाचं म्हणणं, "गाडी आता व्हिंटेज झाली, दोन वर्षांत दुप्पट होईल." पत्रलेखकांच्या सौभाग्यवतींचं म्हणणं, "एवढ्या पैशात चांगली सेकंडहँड स्विफ्ट येते." प्रश्न तीन आहेत: किंमत रास्त आहे का, वर्षाला खर्च किती येईल आणि रोज दुकानात जायला ही गाडी वापरता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे. नाही. रोज वापरू नका. चारही चाकांना ड्रम ब्रेक, समोरून येणारा डंपर, आणि आपण बेंच सीटवर पट्ट्याशिवाय बसलेलो, हे 1986 साली चालून गेलं, कारण तेव्हा शेजारून जाणारी गाडीही तशीच होती. आजच्या महामार्गावर पुढची गाडी जेवढ्या अंतरात थांबते तेवढ्यात पद्मिनी थांबत नाही. शिवाय एखादा ब्रेक सिलिंडर गळायला लागला की सुटा भाग येईपर्यंत गाडी आठवडाभर गॅरेजात, आणि तुम्ही दुकानात रिक्षाने. रविवारी सकाळी, सणावाराला, गावच्या जत्रेला काढायची गाडी म्हणून घेणार असाल तर पुढचं वाचा.

आता किंमत. पद्मिनीच्या बाजारभावाबद्दल बोलताना लोक मॉडेलचं साल आणि रंगाची चमक पाहतात. मी दोन गोष्टी पाहतो: कागद आणि पत्रा. भाव ठरतो तो या दोन्हींवर. इंजिनाला कुणी घाबरू नये. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन आहे, ते उघडणारे मिस्त्री पश्चिम महाराष्ट्रात अजून सापडतात, पिस्टन-रिंगा, गॅस्केटचा संच, क्लच प्लेट या गोष्टी मिळतात. पण पत्रा खाल्लेला असेल तर पैसा ओतावा तेवढा कमी. कारण या गाडीला खाली वेगळी चेसिस फ्रेम नाही. बॉडी हीच गाडीचा सांगाडा. दाराखालची पट्टी किंवा पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) बैठक गंजली की गाडीचं हाडच गेलं.

म्हणूनच 'नुकताच नवा रंग' हे शब्द वाचून मी सावध झालो. विकायच्या महिनाभर आधी मारलेला रंग बहुतेक वेळा काहीतरी झाकायला असतो. एक लहान लोहचुंबक रुमालात गुंडाळून बरोबर न्या. दाराखालची पट्टी, दारांच्या खालच्या कडा, हेडलाइटच्या मागचा मडगार्डचा भाग, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, या ठिकाणी तो फिरवा. जिथे चुंबक घट्ट न धरता घसरतो तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग डिक्कीतली चटई उचला, स्टेपनी काढा, खालचा तळ पाहा. पुढे ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलून पेडलच्या आजूबाजूला बोटाने दाबून पाहा. कोल्हापूरचा पाऊस आणि दहा वर्षं उभी असलेली गाडी, म्हणजे तिथे पाणी साठलेलं असण्याची शक्यता मोठी. आणि शेवटी गाडी रॅम्पवर चढवायला लावा. 'रॅम्प नाही' असं उत्तर आलं तर पैसे मोजून जवळच्या वॉशिंग सेंटरला न्यायला सांगा. खालून पाहिल्याशिवाय पद्मिनीला हात लावायचा नाही.

आणखी एक. गाडी कधीकाळी मुंबईची टॅक्सी नव्हती ना, हे पाहून घ्या. कागदावर 'प्राध्यापकांची एकहाती गाडी' असेल, पण बॉडी दुसऱ्याच गाडीची चढवलेली असू शकते. टॅक्सीच्या खुणा रंगाने सहज बुजत नाहीत: डाव्या बाजूला पुढच्या काचेपाशी मीटरच्या ब्रॅकेटची बुजवलेली भोकं, छताच्या पन्हाळीवर कॅरिअरच्या पकडीने पडलेले चट्टे, डिक्कीत गॅसच्या टाकीच्या बोल्टची भोकं, आणि दारांच्या आतल्या बिजागरांजवळ नव्या रंगाखालून डोकावणारा काळा. बॉनेट उघडून चेसिस नंबर पेन्सिलने कागदावर घासून छाप घ्या आणि आरसी बुकाशी अंक-अंक ताडून पाहा. इंजिन नंबरही पाहा. पद्मिनीची इंजिनं टॅक्सीच्या काळात सर्रास बदलली गेली, आणि बदललेलं इंजिन पुस्तकात चढवलेलं नसेल तर तपासणीच्या दिवशी आरटीओत गाडी तिथेच अडकते.

कागदांचा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या सौद्यात खरी मेख तिथे आहे. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. 1986 ची गाडी, म्हणजे 2001, 2006, 2011 ही नूतनीकरणं झाली आणि 2016 ला थांबली. आज ती रस्त्यावर आणणं कायद्याने चालत नाही, आणि कोल्हापूरहून कराडला चालवत आणणं तर नाहीच नाही. गाडी अजून वारलेल्या मालकांच्या नावावर आहे. आधी ती वारसाच्या नावावर व्हायला हवी, फॉर्म 31 भरून, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांच्या संमतीसकट. मग नूतनीकरण, फॉर्म 25. मग कोल्हापूर कार्यालयाची एनओसी. मग फॉर्म 29 आणि 30 ने तुमच्या नावावर. त्यातही गाडी तीन अक्षरी नंबरच्या काळातली. अशा पुष्कळ गाड्यांची नोंद अजून कागदी रजिस्टरातच आहे, संगणकात चढलेलीच नाही. मग आधी 'बॅकलॉग एंट्री' नावाचं एक प्रकरण करून घ्यावं लागतं, त्यासाठी रजिस्टरचं जुनं पान शोधावं लागतं, आणि ते पान सापडेल तेव्हा सापडेल. आज घरबसल्या करता येण्यासारखी एकच गोष्ट: परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर तो नंबर टाकून पाहा. काहीच दिसलं नाही तर काय ते समजा.

फीचं म्हणाल तर केंद्र सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरण महाग केलं. मोटारीला आता 10,000 रुपये, त्यावर जीएसटी. पंधरा ते वीस वर्षांच्या गाडीला 5,000 आहेत, पण तुमची पद्मिनी ती रेषा केव्हाच ओलांडून गेली. याशिवाय राज्याचा पर्यावरण कर, 2016 पासूनच्या खंडाचा दंड, नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि दर सहा महिन्यांनी पीयूसी. दंडाचा नक्की आकडा कोल्हापूरच्या कार्यालयातून लेखी काढून घ्यायला विक्रेत्याला सांगा. तोंडी आकड्यावर सौदा करू नका.

आता 'व्हिंटेज' या शब्दाबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंद आली. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली दुचाकी वा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. 1986 ची पद्मिनी तिथे पोचेल 2036 साली. आणि तेव्हासुद्धा ती नोंद घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कामांसाठी. म्हणजे मुलाने तुम्हाला जे सांगितलं ते आज खरं नाही, आणि ज्या दिवशी खरं होईल त्या दिवशी तुम्हाला ते फारसं सोयीचं नसेल.

भाव दुप्पट होण्याबद्दल. कुर्ल्याच्या कारखान्यात या गाडीचं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ऑक्टोबर 2003 मध्ये झाली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून त्या रस्त्यावरून गेल्या. त्या आठवड्यात सगळ्या वर्तमानपत्रांनी गळे काढले, आणि अंगणात पद्मिनी सडत असलेल्या प्रत्येकाला वाटलं की आपल्या हाती घबाड लागलं. जाहिरातीतले आकडे चढले. पण जाहिरातीतला आकडा म्हणजे मागणी, सौदा नव्हे. साडेतीन-चार लाखांच्या पाट्या महिनोन्महिने तशाच लटकलेल्या दिसतात. ज्या गाड्यांना खरंच चांगला पैसा येतो त्या वेगळ्या: साठच्या दशकातली फियाट 1100 डिलाइट, 1974 ला 'पद्मिनी' हे नाव येण्याआधीची 'प्रीमियर प्रेसिडेंट', किंवा अगदी पहिल्या मालकाकडची, क्रोमच्या पट्ट्यांपासून स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरपर्यंत काही न बदललेली गाडी. ऐंशीच्या दशकातल्या पद्मिनी पुष्कळ बनल्या आणि पुष्कळ उरल्याही आहेत.

ढोबळ अंदाज सांगतो, तो माझ्या पाहण्यातल्या सौद्यांचा आहे, सरकारी दरपत्रक नव्हे. बंद पडलेली, कागद अर्धवट असलेली पद्मिनी लाखाच्या आतबाहेर. चालती, नूतनीकरण झालेली, पत्रा शाबूत असलेली दीड ते अडीच लाख. काळजीपूर्वक उभी केलेली, कामाचे फोटो आणि बिलं असलेली तीन-साडेतीनच्या पुढे. तुमची गाडी रंगाने तिसऱ्या गटातली दिसते, पण कागदाने पहिल्या गटातली आहे. दिल्लीकडून स्वस्तात आणून देतो म्हणणारेही भेटतील. तिकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध असल्याने त्या उतरत्या भावाने बाहेर पडतात. त्यात तिकडची एनओसी, इकडचा कर, नव्याने नोंदणी हे सगळं मिळवलं की स्वस्ताई कुठल्या कुठे जाते, आणि 'एम'ने सुरू होणारा जुना तीन अक्षरी नंबरही मिळत नाही. तुमच्या कोल्हापुरी गाडीची जमेची बाजू म्हटली तर तो नंबर. तो जपून ठेवण्यासाठी दहा-वीस हजार जास्त द्यायला हरकत नाही.

खर्चाचा हिशेब मांडू. महिन्याला दोनशे किलोमीटर धरू, रविवारच्या गाडीला तेवढे पुष्कळ झाले. वर्षाला 2,400. पद्मिनी नीट ट्यून केलेली असली तर लिटरला बारा देते. म्हणजे 200 लिटर, आणि लिटरला 105 रुपये धरले तर 21,000 रुपयांचं पेट्रोल. थर्ड पार्टी विमा 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला सध्याच्या दराने 3,416, जीएसटी धरून चार हजारांच्या घरात. नूतनीकरणाची फी पाच वर्षांत वाटली तर वर्षाला दोन हजारांहून थोडी जास्त. ऑइल, प्लग, डेल्कोतले (डिस्ट्रिब्यूटरमधले) पॉइंट, कार्बोरेटरची सफाई, ब्रेकचं ऑइल यांचे आठ-दहा हजार. बॅटरी आणि टायरचा वार्षिक वाटा पाच हजार. आणि दहा हजार अशा गोष्टीसाठी बाजूला काढा जी आज तुम्हाला किंवा मला माहीत नाही, पण होणार आहे. ही बेरीज पन्नास हजारांवर जाते. साडेतीन लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला पावणेतेवीस हजार व्याज आलं असतं, ते सुटलं. म्हणजे सुमारे 73,000. किलोमीटरला तीस रुपये. भाव वर्षाला वीस टक्क्यांनी वाढला तरच हा खर्च भरून निघेल, आणि तसं होताना मी तरी पाहिलेलं नाही. तेव्हा गुंतवणूक हा शब्द या घरात पुन्हा उच्चारू नका. हौस म्हणा, हौसेला मोल नसतं, आणि वहिनींनाही ते जास्त पटेल.

विम्याबद्दल एक बारकावा. बहुतेक एजंट अशा गाडीला फक्त थर्ड पार्टी करून मोकळे होतात. पण पाच वर्षांवरच्या आणि बंद झालेल्या मॉडेलची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्यात आपसात ठरवता येते. कामाचे फोटो, बिलं, एखाद्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या जाणकाराचं पत्र जोडून सर्वसमावेशक विमा मागा. एजंट 'होत नाही' म्हणेल. कंपनीच्या शाखेत जाऊन विचारा.

पेट्रोलचा एक नवा त्रास आहे, तो तुमच्या वडिलांच्या वेळी नव्हता. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही तुमच्याच कृष्णाकाठच्या उसाचं. कारखान्यांना त्याचा फायदा आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला मऊ करतं आणि इंजिनाला मिश्रण पातळ पडतं. पद्मिनीतले पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं ही सगळी जुन्या जमान्यातल्या पेट्रोलसाठी बनलेली. गाडी घेतलीत तर इथेनॉलला टिकणारे पाइप आणि नवा पडदा पहिल्याच आठवड्यात बसवून घ्या, आणि मिस्त्रीकडून कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) थोडे मोठे करून घ्या. पाइपचा खर्च किरकोळ आहे, पण गरम इंजिनावर थेंब-थेंब गळणारं पेट्रोल किरकोळ नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका.

सुट्या भागांबद्दल विचारलंत. यांत्रिक भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या दुकानांत मिळून जातात. जुने काढलेले भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात, पण टॅक्सी गेल्यापासून तो झरा आटत चालला आहे. खरी पंचाईत दिसण्याच्या भागांची: पुढची जाळी, दिव्यांच्या काचा, क्रोमच्या पट्ट्या, दाराची हँडलं, काचांची रबरं. गाडी पाहायला जाल तेव्हा यातलं काय-काय जागेवर आहे त्याची यादी करा. एखादी पट्टी तुटकी असेल तर मुलगा म्हणेल, "ते काय, कुठेही मिळेल." त्यालाच सांगा आणून द्यायला.

'इंजिन बोअर केलंय' याची पावती मागा. पावती असेल तर बोअर कितीचा, पिस्टन कुठल्या साइझचे, ते तिच्यावर असेल. पावती नसेल तर बोअर झालेलं नाही असं धरून बोला. गाडी सकाळी थंड असताना सुरू करायला सांगा, तुम्ही पोचायच्या आधी ती गरम करून ठेवलेली नसावी. बॉनेटला हात लावून पाहा. सुरू झाल्यावर मागे निळा धूर सतत येत राहिला तर बोअरची गोष्ट खोटी. पांढरा धूर थोडा वेळ येऊन थांबला तर चिंता नाही.

तर मुलाशी असं बोला. दोन प्रस्ताव ठेवा. एक, गाडी आहे तशी, कागदाची सगळी जबाबदारी तुमची: लाख, फार तर सव्वा लाख. पत्र्याने निराशा केली तर त्याहून कमी. दुसरा, वारसनोंद, नूतनीकरण आणि एनओसी त्याने त्याच्या खर्चाने करून द्यायची, तपासणीत गाडी पास व्हायला हवी, आणि मग तुम्ही पावणेदोन ते दोन लाख द्याल. रंगाआधीचे उघड्या पत्र्याचे फोटो त्याच्याकडे असतील आणि ते चांगले असतील तर आणखी पंचवीस हजार वाढवा. बयाणा दिलाच तर दहा हजारांच्या वर नको, आणि नूतनीकरण झालं नाही तर परत, असं स्टँप पेपरवर लिहून घ्या. तो दुसरा प्रस्ताव ऐकून जर म्हणाला की "आरटीओचं सगळं आमचा एजंट बघतो, तुम्ही गाडी घेऊन जा, पुढचं होईल," तर चहा पिऊन परत या. तीन अक्षरी नंबरची दुसरी पद्मिनी सांगली-साताऱ्यात कुठेतरी झाकून ठेवलेली असतेच.

वहिनींच्या स्विफ्टचं म्हणणं बरोबर आहे, पण ती वेगळ्या खिशातली गोष्ट आहे. रोजची गाडी घरात आधीच असेल आणि वर्षाला पन्नास हजार हौसेवर गेले तरी दुकानाचं भांडवल हलणार नसेल, तरच पद्मिनीचा विचार करा. आणि गाडी ठेवायला पत्र्याचं का होईना, पण छप्पर हवं. कराडच्या पावसात ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी दोन वर्षांत पुन्हा त्याच चुंबकाच्या परीक्षेत नापास होईल.

सौदा झालाच, तर ती फ्लॅटबेडवर आणा. नऊ-दहा वर्षं उभ्या गाडीचे ब्रेक सिलिंडर अडकलेले असतात, ते पहिल्या किलोमीटरला कळत नाही, पुढच्या एखाद्या उतारावर कळतं. घरी आल्यावर आधी टाकी रिकामी करा, चारही ड्रम उघडा, टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडा वाचा. शेवटचे दोन अंक म्हणजे टायर बनल्याचं साल. ते सहा वर्षांहून जुनं असेल तर नक्षी कितीही खोल दिसत असली तरी पाचही टायर बदला, स्टेपनीसकट.